कुलाब्याच्या वेधशाळेपासून औंढा नागनाथापर्यंत : पदार्थविज्ञानाचे शिक्षण आणि उपजीविका

दहावी-बारावीचे निकाल लागले म्हणजे आपल्या समाजातील घराघरांतून एकच विषय चर्चेस येतो : मुलाने अथवा मुलीने पुढे काय व्हावे? उत्तरेही बहुधा ठरलेली असतात. डॉक्टर, इंजिनिअर, हिशेबतपासनीस, अलीकडे संगणकाचा जाणकार. अशा वेळी एखाद्याने 'मला पदार्थविज्ञान घेऊन एम. एस्सी. करावयाचे आहे' असे म्हटले, तर वडीलमंडळी क्षणभर स्तब्ध होतात आणि मग विचारतात, 'ते ठीक. पण त्याचे पुढे काय?'

हा प्रश्न अनाठायी आहे असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. ज्या घरात एकाच्या मिळकतीवर पाच माणसांचे चालते, त्या घरास तो विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. मात्र त्याचे उत्तर ऐकीव गोष्टींवरून न देता, या विद्येचा आपल्या प्रांतातील इतिहास पाहून द्यावे, असे आम्हांस वाटते. आणि तेवढ्याच हेतूने हा अल्पसा आढावा ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

प्रारंभीच एक गोष्ट नमूद केली पाहिजे. वकिलाच्या अगर डॉक्टराच्या दारावर त्याच्या व्यवसायाची पाटी असते. पदार्थविज्ञान शिकलेल्या मनुष्याच्या दारावर अशी पाटी सहसा दिसत नाही. तो हवामान खात्यात गेला की हवामानतज्ज्ञ म्हणवतो, अणुशक्तीच्या कामात शिरला की वैज्ञानिक अधिकारी होतो, रुग्णालयात गेला की किरणोपचार विभागातील अधिकारी ठरतो. मूळ विद्येचे नाव मागे राहते व नव्या कामाचे नाव पुढे होते. त्यामुळे या विद्येवर पोट भरते हे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या ध्यानातच येत नाही. पुढील इतिहास वाचताना वाचकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी अशी विनंती आहे.

वेधशाळेतील पहिल्या नोकऱ्या

मुंबईस कुलाब्याच्या टोकाशी ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली वेधशाळा उभारली. बंदरात येणाऱ्या जहाजांना अचूक वेळ कळावी व आकाशातील ज्योतींचे वेध घेता यावेत, हा तिचा मूळ उद्देश. १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची व हवामानाची निरीक्षणे सुरू झाली. त्याच सुमारास एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये गणित व सृष्टिशास्त्र या विषयांचे उच्च अध्यापन होऊ लागले होते. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर हे तेथे शिकवीत आणि वेधशाळेच्या कामातही त्यांचा हात होता. अलिबागेजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे, ज्यांस महाराष्ट्र केरूनाना म्हणून ओळखतो, ते तरुणपणीच या वेधशाळेत नोकरीस लागले. पुढे पुण्याच्या कॉलेजात ते गणित व सृष्टिशास्त्राचे अध्यापक झाले. लोकमान्य टिळकांना डेक्कन कॉलेजात गणित शिकविणारे ते हेच.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालची. म्हणजे आपल्या प्रांतात या शास्त्राच्या ज्ञानावर मिळालेली नोकरी ही विद्यापीठाच्या पदवीहून जुनी आहे! मोजमाप अचूक करणे, ते रोजच्या रोज टिपून ठेवणे आणि त्यातून नियम शोधणे, हे त्या नोकरीचे स्वरूप होते. आणि साधने कितीही बदलली, तरी या विद्येवरील उपजीविकेचे स्वरूप पुष्कळ अंशी आजही तेच आहे.

या वेधशाळेचे पहिले हिंदी संचालक डॉ. नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस हे होत. १८९६ साली त्यांनी कारभार हाती घेतला. लवकरच मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणण्याचे घाटू लागले. विजेच्या प्रवाहामुळे चुंबकसूची विचलित होणार व पन्नासाहून अधिक वर्षांच्या नोंदींची परंपरा खंडित होणार हे उघड होते. म्हणून चुंबकीय निरीक्षणांसाठी अलिबाग येथे नवी वेधशाळा १९०४ साली सुरू करण्यात आली. इमारतीत चुंबकीय गुण असलेले काहीही येऊ नये यासाठी पोरबंदरचा दगड आणविला गेला, आणि १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा व अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी निरीक्षणे घेऊन जुन्या-नव्या नोंदींचा मेळ घालण्यात आला. अलिबागेची ती नोंद आजतागायत चालू आहे. जगातील अखंड चुंबकीय नोंदींपैकी ती एक फार जुनी नोंद होय. पिढ्यान् पिढ्या कित्येक कुटुंबांचा चरितार्थ या शांत, अप्रसिद्ध कामावर चालला आहे.

पदवी होती, पद नव्हते

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र या विद्येची मोठी अडचण ही होती की, शिकणाऱ्यांपुढे जागा फारच थोड्या होत्या. चंद्रशेखर वेंकट रामन यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. १९०७ साली मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून पदार्थविज्ञान घेऊन ते एम. ए. झाले, तेही पहिल्या क्रमांकाने. पण अशा विद्यार्थ्यासही संशोधनाची नोकरी देशात उपलब्ध नव्हती. त्यांनी सरकारच्या वित्त खात्याची परीक्षा दिली आणि कलकत्त्यास हिशेबाच्या कचेरीत अधिकारी म्हणून रुजू झाले. कचेरीच्या वेळेआधी व नंतर ते इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेच्या प्रयोगशाळेत काम करीत. दहा वर्षे असे काढल्यावर १९१७ साली कलकत्ता विद्यापीठात पालित प्राध्यापकाचे पद त्यांस मिळाले. त्यासाठी अधिक पगाराची सरकारी नोकरी त्यांनी सोडली. पुढे २८ फेब्रुवारी १९२८ चा शोध आणि १९३० चे नोबेल पारितोषिक ही हकीकत सर्वश्रुत आहे.

या कथेकडे आपण बहुधा रामन यांच्या निष्ठेचे उदाहरण म्हणून पाहतो. तिची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १९०७ साली हिंदुस्थानातील अव्वल विद्यार्थ्यास हिशेबाच्या कचेरीत जावे लागले, कारण विद्या होती पण तिला स्थान देणाऱ्या संस्था नव्हत्या. 'पुढे काय?' हा आपल्या वडीलधाऱ्यांचा प्रश्न त्या काळात जन्मला आणि त्या काळी तो अगदी खरा होता. पुढील शंभर वर्षांचा इतिहास हा त्या संस्था उभ्या राहिल्याचा इतिहास आहे.

मुंबईस रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स १९२० साली सुरू झाली. सर कावसजी जहांगीर, सर जेकब ससून, सर करीमभाई इब्राहिम, शेठ वसनजी मुळजी अशा वेगवेगळ्या समाजांतील दात्यांच्या देणग्यांतून ती उभी राहिली, ही गोष्ट ज्ञातिसंस्थांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. तेथे पदार्थविज्ञान शिकविणारे प्रा. गो. रा. परांजपे यांनी पुण्याच्या 'सृष्टिज्ञान' मासिकाच्या उभारणीत पुढाकार घेतला. १९२८ साली निघालेल्या या मासिकाने शास्त्र मराठीतून सांगता येते हे दाखवून दिले. त्याच कार्याची पुढील पायरी म्हणजे १९६६ साली स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद होय.

हवामान खाते पुण्यास येते

१८७५ साली स्थापन झालेल्या हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले. पुणेकर आजही त्या भव्य इमारतीस 'सिमला ऑफिस' म्हणतात. मुख्य कार्यालय पुढे दिल्लीस गेले, तरी हवामानाच्या नोंदी, उपकरणे, शेतीविषयक हवामान व प्रशिक्षण यांचे पुण्यातील काम चालूच राहिले. या खात्यास मुख्यतः पदार्थविज्ञान व गणित शिकलेली माणसे लागत. मान्सून केव्हा येईल, वादळ कोणत्या किनाऱ्यास धडकेल, विमानास आकाश निर्धोक आहे की नाही, हे सांगणारा मनुष्य हा मुळात पदार्थविज्ञानाचाच विद्यार्थी असे.

याच कार्यालयात १९४८ साली ॲना मणी रुजू झाल्या. मूळच्या त्या केरळच्या. मद्रासला पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन त्यांनी बंगलोरास रामन यांच्या प्रयोगशाळेत हिऱ्यांच्या वर्णपटांवर संशोधन केले. एम. एस्सी. नसल्याच्या कारणावरून त्यांचा पीएच. डी.चा प्रबंध विद्यापीठाने स्वीकारला नाही. त्या खचल्या नाहीत. इंग्लंडात जाऊन हवामानाच्या उपकरणांचे शिक्षण घेतले आणि पुण्यात येऊन पर्जन्यमापक, वायुभारमापक, वायुवेगमापक ही उपकरणे देशातच बनविण्याचे काम उभे केले. १९७६ साली त्या खात्याच्या उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या. आज सौर व पवन ऊर्जेची केंद्रे कोठे उभारावीत हे ठरविताना ज्या मोजमापांचा आधार घ्यावा लागतो, त्यांचा पाया घालण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. 'मुलीने हा विषय घेऊन काय करावे?' असे विचारणाऱ्या घरांनी हे चरित्र अवश्य वाचावे.

वसतिगृहे आणि गावोगावच्या प्रयोगशाळा

येथवरचा इतिहास मुंबई-पुण्याचा झाला. त्यात महाराष्ट्रातील बहुजनांची मुले कोठे होती, हा प्रश्न टाळून चालणार नाही. इतिहास किंवा साहित्य हे विषय पुस्तक मिळाले तर घरी बसूनही काही प्रमाणात शिकता येतात. पदार्थविज्ञानाचे तसे नाही. त्याला प्रयोगशाळा लागते, तराजू, लंबक, भिंगे, वर्णपटमापक लागतात, आणि ती प्रयोगशाळा गाठता येईल असे राहण्याचे ठिकाण लागते. म्हणून या विद्येचा प्रसार वसतिगृहांशी जोडलेला आहे.

राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी करविली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापून 'कमवा व शिका' ही वाट दाखविली. त्यांचे सातारचे छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ सालचे. विदर्भात पंजाबराव देशमुखांनी अमरावतीस १९३२ साली शिवाजी शिक्षण संस्था उभारली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईस सिद्धार्थ कॉलेज १९४६ साली व औरंगाबादेस मिलिंद कॉलेज १९५० साली सुरू केले. नागपूर विद्यापीठ १९२३ चे, पुणे विद्यापीठ १९४८ चे, मराठवाडा विद्यापीठ १९५८ चे व कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १९६२ चे. प्रत्येक नव्या विद्यापीठागणिक प्रयोगशाळा विद्यार्थ्याच्या गावाजवळ येत गेली. आपल्यासारख्या अनेक ज्ञातिसंस्थांनी याच काळात विद्यार्थिगृहे चालविली, पुस्तकपेढ्या उघडल्या, शुल्क भरले. या शास्त्राच्या इतिहासात त्या संस्थांची नावे आढळत नाहीत. तथापि त्यांच्या साहाय्यावाचून कित्येक विद्यार्थी प्रयोगशाळेच्या उंबरठ्यापर्यंतही पोहोचले नसते.

ट्रॉम्बे आणि थुंबा

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर डॉ. होमी भाभा यांनी या विद्येचे भवितव्य पालटून टाकले. १९४४ साली टाटा विश्वस्तांस पाठविलेल्या पत्रात त्यांनी असे मांडले की, पुढे अणुशक्तीचा उपयोग होऊ लागेल तेव्हा तज्ज्ञांसाठी भारतास परदेशाकडे पाहावे लागू नये, अशी तयारी आतापासूनच केली पाहिजे. त्यातून १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था निघाली. अणुऊर्जा आयोग १९४८ साली स्थापन झाला, ट्रॉम्बे येथील संस्था १९५४ साली सुरू झाली व ४ ऑगस्ट १९५६ रोजी 'अप्सरा' ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. भाभांच्या १९६६ मधील अपघाती निधनानंतर, १९६७ साली ट्रॉम्बेच्या संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले.

आमच्या मते सामान्य कुटुंबांच्या दृष्टीने याहून महत्त्वाची घटना १९५७ सालची. त्या वर्षी ट्रॉम्बे येथे प्रशिक्षण शाळा सुरू झाली. पदवीधरांची निवड परीक्षेने व मुलाखतीने करावी, त्यांस वर्षभर विद्यावेतन देऊन शिकवावे आणि यशस्वी झालेल्यांस वैज्ञानिक अधिकारी म्हणून नेमावे, अशी ही योजना. अर्धशतकापूर्वी ज्या विद्येच्या अव्वल पदवीधरास हिशेबाची कचेरी गाठावी लागली, त्या विद्येच्या पदवीधरास आता शिकत असतानाच वेतन मिळू लागले! ही शाळा आजही चालू आहे व एम. एस्सी. झालेल्या विद्यार्थ्यांस तिचे द्वार खुले आहे.

याच काळात टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' हा संगणक तयार होऊन १९६० साली काम करू लागला. देशात बनलेल्या आरंभीच्या संगणकांपैकी तो एक. अणुभट्टीच्या नियंत्रणासाठी लागणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रे बनविता बनविता ट्रॉम्बेतील मंडळींनी जे कौशल्य मिळविले, त्यातून १९६७ साली हैदराबादेस इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया हा कारखाना निघाला. आज ज्या संगणकाच्या व्यवसायाकडे आपली मुले धाव घेतात, त्याच्या पूर्वजांत पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा आहे हे विसरता कामा नये.

अवकाशसंशोधनाचीही कथा अशीच. केरळातील थुंबा येथून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी पहिला अग्निबाण उडाला. त्या कार्यात डॉ. विक्रम साराभाई यांच्याबरोबर असलेले एकनाथ चिटणीस हे मूळचे कोल्हापूरचे. त्यांचा अभ्यासविषय विश्वकिरण. पुढे अहमदाबादेच्या अवकाश उपयोग केंद्राचे ते संचालक झाले. १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या द्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीवरून शिक्षणाचा प्रयोग झाला, त्याच्या आखणीत त्यांचा प्रमुख भाग होता. शंभर वर्षांचे समृद्ध आयुष्य जगून २०२५ साली ते निवर्तले. विश्वकिरणांचा अभ्यास केलेला मनुष्य खेड्यातील शाळेपर्यंत कसा पोहोचतो, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

आजच्या वाटा

आता आजच्या स्थितीकडे वळू. बारावीनंतर विद्यार्थ्यापुढे दोन मुख्य वाटा आहेत. पहिली नेहमीची : जवळच्या महाविद्यालयात बी. एस्सी. आणि नंतर विद्यापीठात किंवा 'जॅम' ही प्रवेशपरीक्षा देऊन आयआयटीसारख्या संस्थेत एम. एस्सी. दुसरी वाट पाच वर्षांच्या जोड अभ्यासक्रमाची : २००६ साली सुरू झालेली पुण्याची आयसर ही संस्था, अथवा मुंबई विद्यापीठ व अणुऊर्जा विभाग यांनी मिळून २००७ साली कलिन्यास काढलेले मूलभूत विज्ञान केंद्र. त्यानंतर संशोधनाकडे वळणाऱ्यास नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळते. १ जानेवारी २०२३ पासून ती दरमहा ३७,००० रुपये करण्यात आली. म्हणजे पीएच. डी.च्या काळात विद्यार्थी घरावर भार होऊन राहतोच असे नाही, ही गोष्ट पालकांस ठाऊक असणे अगत्याचे आहे.

ज्यास संशोधक व्हावयाचे नाही त्यासाठीही वाटा आहेत. त्यांतील एक फारशी परिचित नसलेली वाट मुद्दाम सांगतो. कर्करोगावर किरणोपचार करताना रोग्यास किती मात्रा द्यावी, ती शरीराच्या नेमक्या कोणत्या भागात पडावी व निरोगी भाग कसा वाचवावा, हे गणित डॉक्टरांच्या जोडीने वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ करतो. त्यासाठी ट्रॉम्बे येथे १९६२ पासून पदार्थविज्ञानाच्या एम. एस्सी.नंतरचा किरणविषयक पदविका अभ्यासक्रम चालतो. त्यानंतर रुग्णालयात उमेदवारी करावी लागते. अशी प्रशिक्षित व्यक्ती असल्यावाचून किरणोपचार केंद्र चालविता येत नाही. जिल्ह्याजिल्ह्यांत अशी केंद्रे उघडत असताना या कामाची गरज वाढतच जाणार. रोग्याच्या नातेवाइकांस डॉक्टरांचे नाव कळते, या अधिकाऱ्याचे नाव बहुधा कळत नाही. पुन्हा तीच पाटीची गोष्ट!

याखेरीज हवामान खाते, संरक्षण संशोधनाच्या प्रयोगशाळा, अर्धवाहक व प्रकाशीय उपकरणांचे उद्योग, यंत्रांची तपासणी करणारी केंद्रे, बँका व संगणक कंपन्यांतील आकडेमोडीची कामे, आणि शाळा-महाविद्यालयांतील अध्यापन, ही क्षेत्रे आहेतच.

संशोधनाची केंद्रेही आता मोठ्या शहरांपुरती उरलेली नाहीत. नारायणगावाजवळच्या खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या जुन्नरच्या शेतांतून उभ्या आहेत. रेडिओलहरींचा गोंगाट तेथे कमी, म्हणून ती जागा निवडली. मराठवाड्यात हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांचे ते यंत्र असेल. या लहरींचा पहिला वेध १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेत घेतला गेला, आणि त्यांचा माग काढण्याच्या गणिती पद्धतींवर पुण्याच्या आयुका या संस्थेतील डॉ. संजीव धुरंधर व त्यांचे सहकारी त्याआधी कित्येक वर्षे काम करीत होते. १९०४ साली ट्रामच्या विजेपासून दूर जाण्यासाठी शास्त्रज्ञ अलिबागेस गेले. आज त्याच न्यायाने, शांत भूमीच्या शोधात ते औंढ्यास जात आहेत. एके काळी खेड्यातील मुलास शास्त्रासाठी शहर गाठावे लागे. आता शास्त्रच खेड्याकडे येत आहे; त्याचे स्वागत करण्यास आपल्या घरातील कोणी तयार असेल काय?

अडचणी झाकून ठेवू नयेत

केवळ उजळ बाजू दाखविली तर तो वाचकांचा विश्वासघात होईल. या वाटेवर काळ फार लागतो. बी. एस्सी., एम. एस्सी. व पीएच. डी. मिळून दहा-अकरा वर्षे सहज जातात, आणि त्यानंतरही कायम पद मिळण्यापूर्वी कित्येकांस देशात वा परदेशात तात्पुरत्या अधिछात्रवृत्तीवर काही वर्षे काढावी लागतात. अनुदानित महाविद्यालयांतील अध्यापकभरती मंदगतीने होते. नेट-सेट उत्तीर्ण झालेले कित्येक तरुण तासिका तत्त्वावर, सुटीतील महिन्यांच्या वेतनावाचून शिकवीत आहेत, हे आपण सर्व पाहतोच. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यास पहिले वर्ष इंग्रजीमुळे कठीण जाते. गणिताची आवड नसताना केवळ वैद्यकीचा प्रवेश हुकला म्हणून हा विषय घेणाऱ्यास तर तो फारच जड जातो. तेव्हा ज्यास आवड आहे, गणिताची तयारी आहे व चिकाटी आहे, त्यानेच ही वाट धरावी. आणि धरल्यावर ट्रॉम्बेची परीक्षा, हवामान खाते, वैद्यकीय भौतिकी व अध्यापन या सर्वांची माहिती आरंभापासून ठेवावी, म्हणजे एक दार बंद झाले तर दुसरे ठोठावता येईल.

मुलींच्या बाबतीत हा लांबचा काळच मुख्य अडसर ठरतो. एम. एस्सी. होता होता घरात विवाहाची बोलणी सुरू होतात आणि संशोधन मागे पडते. पुण्यात जन्मलेल्या डॉ. रोहिणी गोडबोले या सर परशुरामभाऊ कॉलेजात व नंतर पवईच्या आयआयटीत शिकल्या, १९७९ साली अमेरिकेत पीएच. डी. झाल्या, मुंबई विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले आणि बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत मूलकणांच्या अभ्यासासाठी कीर्ती मिळविली. २०१९ साली त्यांस पद्मश्री मिळाली. २०२४ साली त्यांचे निधन झाले. भारतीय स्त्रीशास्त्रज्ञांच्या चरित्रलेखांचा 'लीलावतीज डॉटर्स' हा ग्रंथ २००८ साली निघाला, त्याच्या त्या एक संपादिका होत्या. तो ग्रंथ वाचला म्हणजे ध्यानात येते की, बुद्धीइतकीच घरच्या पाठिंब्याचीही गरज लागते.

आपल्या समाजाचे कर्तव्य

हा इतिहास सांगण्यामागे एक व्यावहारिक हेतूही आहे. ज्ञातिसंस्थांच्या विद्यार्थी साहाय्य निधींतून वैद्यकी व इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांस मदत सहज मिळते, 'साध्या' बी. एस्सी.च्या विद्यार्थ्याचा अर्ज मागे पडतो. मदत देणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. त्यांना त्या अर्जाच्या शेवटी उपजीविका दिसत नाही, एवढेच. ती उपजीविका कोठे आहे हे वर सांगितले आहे. म्हणून संस्थेच्या कार्यकारी मंडळापुढे व सर्व सभासद कुटुंबांपुढे आम्ही नम्रपणे काही सूचना ठेवतो.

पहिली, मूलभूत शास्त्राच्या विद्यार्थ्यांस व्यावसायिक शिक्षणाच्या विद्यार्थ्यांइतकेच साहाय्य मिळावे व ते बी. एस्सी.वर न थांबता एम. एस्सी. पुरी होईपर्यंत चालू राहावे. अर्ध्या वाटेवर थांबलेली मदत या विषयात फारशी उपयोगी पडत नाही. दुसरी, प्रवेशपरीक्षा व मुलाखती यांसाठी होणाऱ्या प्रवासाचा खर्च निधीतून द्यावा. रक्कम लहान असते, पण तिच्या अभावी परीक्षा चुकते. तिसरी, संशोधन करणाऱ्या मुलींसाठी काही भाग राखून ठेवावा. चौथी, आणि हिला पैसा मुळीच लागत नाही, अशी : वेधशाळा, अणुऊर्जा, अवकाश, रुग्णालये, कारखाने व अध्यापन या क्षेत्रांत काम करणाऱ्या आपल्या बंधुभगिनींनी आपली नावे संस्थेच्या कार्यालयात नोंदवावीत आणि वर्षातून एक दिवस विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस द्यावा. ज्या कामाची पाटी दारावर लागत नाही, ते काम करणाऱ्याने स्वतः येऊन सांगितल्यावाचून इतरांस कळावयाचे कसे?

रॉयल इन्स्टिट्यूटसाठी ज्यांनी देणग्या दिल्या, त्यांस तेथे कोण शिकेल हे ठाऊक नव्हते. ज्यांनी वसतिगृहांतून मूठमूठ धान्य जमवून मुले शिकविली, त्यांसही ती मुले पुढे काय होतील याची कल्पना नव्हती. त्यांच्या त्या विश्वासामुळेच आज आपल्या घरांतून 'पुढे काय?' असा प्रश्न तरी विचारता येतो. या वर्षी आपल्यापैकी एखाद्या घरात कोणी मुलगा अगर मुलगी हा विषय मागेल, तर त्यास नकार देण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी संस्थेच्या कार्यालयात एकवार चौकशी करावी. आणि तेथे त्यांस समाधानकारक उत्तर मिळेल, अशी व्यवस्था कार्यकारी मंडळाने करावी, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतो.